उजनीच्या वाटेवरील पोषकद्रव्ये : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्टा आणि जलाशयांच्या पाण्याची गुणवत्ता

गोषवारा

पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यातून पवना, इंद्रायणी, मुळा व भामा या नद्या वाहतात. या सर्व नद्यांचे पाणी भीमेच्या पात्रातून अखेरीस उजनी जलाशयात जाऊन थांबते. नदीप्रदूषणाची चर्चा आपल्याकडे प्रामुख्याने दुर्गंधी, फेस व प्राणवायूची कमतरता या अंगांनी होते. नत्र व स्फुरद या पोषकद्रव्यांचा विचार त्या मानाने फारच कमी होतो. प्रस्तुत लेखात सुपोषणाची प्रक्रिया, पट्ट्यातील पोषकद्रव्यांचे स्रोत, सांडपाण्याच्या मानकांतील उणीव आणि संभाव्य उपाययोजना यांचे विवेचन केले आहे. नदीत सोडलेले सांडपाणी धरणात साठणार असेल, तर त्याला जलाशयाचे निकष लावले पाहिजेत, हे या लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

बीजशब्द : सुपोषण, स्फुरद, उजनी, पवना, इंद्रायणी, जलपर्णी, मैलाशुद्धीकरण.

१. प्रस्तावना

वाहत्या पाण्याला दोष नाही, अशी आपल्याकडे एक जुनी समजूत आहे. नदी वाहती असते तोवर तिच्यात मिसळलेली घाण पुढे जाते, विरळ होते आणि काही अंतरावर पाणी पुन्हा स्वच्छ भासू लागते. ही समजूत काही अंशी खरीही आहे. सेंद्रिय पदार्थांचे विघटन सूक्ष्मजीव करतात आणि पुरेसा प्राणवायू मिळाल्यास नदी स्वतःला काही प्रमाणात शुद्ध करून घेते. परंतु या समजुतीत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. पहिली, पाणी पुढे वाहत राहील. आणि दुसरी, घाण विघटन पावून नाहीशी होईल. भीमा खोऱ्यात ही दोन्ही गृहीतके कोलमडतात. येथील पाणी उजनीच्या भिंतीशी अडते. आणि स्फुरद हे मूलद्रव्य असल्यामुळे त्याचे विघटन होऊन ते नाहीसे होत नाही. ते एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते, गाळात बसते आणि संधी मिळताच पुन्हा पाण्यात येते.

या दृष्टीने पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्याचा प्रश्न केवळ स्थानिक राहत नाही. देहू-आळंदीजवळून वाहणारे इंद्रायणीचे पाणी भीमेतून उजनीत येते आणि उजनीतून सोडलेले पाणी पंढरपूरला चंद्रभागा म्हणून ओळखले जाते. पालख्या ज्या पंढरीकडे चालत जातात, तेथवर हे पाणीही आपल्या वाटेने पोहोचते. सोलापूर शहराच्या पाणीपुरवठ्याचा मोठा आधार हाच जलाशय आहे. म्हणून वरच्या शहराने पाण्यात काय सोडावे हा प्रश्न खालच्या शहराने काय प्यावे या प्रश्नापासून वेगळा करता येत नाही.

२. अभ्यासक्षेत्राची पार्श्वभूमी

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी स्थापन झाली. पुढे १९६० च्या दशकात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पिंपरी, भोसरी, आकुर्डी, चिंचवड हा भाग वाहन व अभियांत्रिकी उद्योगांचे केंद्र बनला. १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका असा येथील नागरी प्रशासनाचा प्रवास झाला. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १७ लाख २७ हजारांहून अधिक होती. २००१ मध्ये ती सुमारे १० लाख होती. चाकण परिसराचा विस्तार त्यानंतरचा आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून, विशेषतः २००९-१० च्या सुमारास, वाहननिर्मितीचे मोठे प्रकल्प येथे उभे राहिले आणि त्यांच्याभोवती सुटे भाग पुरविणाऱ्या असंख्य लहान-मध्यम उद्योगांचे जाळे तयार झाले.

या पट्ट्याचे जलशास्त्र थोडक्यात असे सांगता येईल. पवना नदी मावळातून येऊन चिंचवडवरून वाहते व दापोडी परिसरात मुळेला मिळते. मुळा व मुठा यांचा संगम पुण्यात होतो आणि मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडस परिसरात भीमेस मिळते. इंद्रायणी लोणावळ्याजवळ उगम पावून देहू, आळंदी या मार्गाने तुळापूर येथे भीमेत विलीन होते. भामा नदीही भीमेलाच मिळते. म्हणजे चाकणच्या दक्षिणेकडील उताराचे पाणी इंद्रायणीत, उत्तरेकडील पाणी भामेत आणि पिंपरी-चिंचवडचे पाणी पवना, मुळा व इंद्रायणी या तिन्ही नद्यांत जाते. या सर्वांचे अंतिम पात्र मात्र एकच, ते म्हणजे उजनी.

याच पट्ट्याच्या वरच्या अंगाला पवना, आंद्रा व भामा आसखेड ही धरणे आहेत. पवना धरणातून नदीत सोडलेले पाणी रावेत येथील बंधाऱ्यावरून उचलले जाते व निगडी येथे शुद्ध करून शहराला पुरविले जाते. आंद्रा धरणाचे इंद्रायणीतून येणारे पाणी निघोजे येथील बंधाऱ्यावरून उचलून चिखली येथे शुद्ध केले जाते. थोडक्यात, शहर आपल्या वरच्या जलाशयांचे तुलनेने निर्मळ पाणी घेते आणि वापरलेले पाणी खालच्या जलाशयाकडे पाठवते.

३. सुपोषण : संकल्पना व प्रक्रिया

जलाशयात वनस्पतींना उपयुक्त अशी पोषकद्रव्ये प्रमाणाबाहेर वाढणे आणि त्यामुळे शैवाल व जलवनस्पतींची अनिर्बंध वाढ होणे या प्रक्रियेस सुपोषण असे म्हणतात. शब्दातील ‘सु’ फसवा आहे. शेतातील पिकाला जे खत हितकर, तेच साचलेल्या पाण्याला घातक ठरते.

शैवालाच्या वाढीसाठी कार्बन, नत्र व स्फुरद ही तीन मूलद्रव्ये मुख्यत्वे लागतात. सागरी प्लवकांच्या अभ्यासातून अमेरिकन शास्त्रज्ञ रेडफिल्ड यांनी त्यांचे अणुसंख्येतील सरासरी प्रमाण १०६ : १६ : १ असे मांडले. यांतील कार्बन हवेतून मिळतो. नत्र पाण्यातून न मिळाल्यास काही नील-हरित जीवाणू ते हवेतून स्थिर करू शकतात. स्फुरदाला मात्र असा हवेतील साठा नाही. त्यामुळे गोड्या पाण्यातील वाढीची लगाम बहुधा स्फुरदाच्या हाती असते. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात १९७३ मध्ये शिंडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका सरोवराचे पडदा लावून दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन व नत्र घातले. एका भागात मात्र त्याबरोबर स्फुरदही घातले. काही आठवड्यांतच स्फुरद घातलेला भाग हिरवागार झाला आणि दुसरा भाग पूर्ववत राहिला. सरोवरशास्त्रातील हा प्रयोग आजही मूलभूत मानला जातो. नत्राचे महत्त्व यामुळे नाहीसे होत नाही. काही जलाशयांत व काही ऋतूंत नत्रही मर्यादक ठरतो, असे नंतरच्या अभ्यासांतून दिसून आले आहे.

सुपोषणाचे परिणाम साखळीसारखे येतात. शैवालाच्या दाट थरामुळे प्रकाश खोलवर पोहोचत नाही. दिवसा प्रकाशसंश्लेषणामुळे पृष्ठभागावर प्राणवायू भरपूर असतो, परंतु रात्री श्वसनामुळे तो झपाट्याने घटतो. मृत शैवाल तळाशी जाऊन कुजते व तळाचा प्राणवायू संपतो. मासे मरतात किंवा कमी प्राणवायूत तग धरणाऱ्या जातीच उरतात. मायक्रोसिस्टिससारखे नील-हरित जीवाणू यकृताला अपायकारक असे मायक्रोसिस्टिन नावाचे विष तयार करू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन-एलआरसाठी प्रतिलिटर १ मायक्रोग्रॅम ही मार्गदर्शक मर्यादा १९९८ मध्ये सुचविली. हे विष उकळल्याने नष्ट होत नाही, ही बाब सर्वसामान्यांना माहीत असणे अगत्याचे आहे. याशिवाय जलशुद्धीकरण केंद्रातील गाळण्या तुंबणे, पाण्याला मातकट वास येणे, क्लोरीनची मात्रा वाढवावी लागणे व त्यातून अनिष्ट उपपदार्थ तयार होणे हे व्यावहारिक परिणामही होतात.

४. स्फुरदाचा ढोबळ हिशेब

प्रश्नाचे आकारमान ध्यानात येण्यासाठी एक साधा हिशेब उपयुक्त ठरेल. आहारावरून काढलेल्या अंदाजानुसार भारतातील एक व्यक्ती मलमूत्रावाटे वर्षाला सरासरी ०.४ किलो स्फुरद व २.७ किलो नत्र बाहेर टाकते. २०११ ची लोकसंख्या धरली तरी केवळ पिंपरी-चिंचवड शहराचा वार्षिक स्फुरदभार सुमारे ६९० टन व नत्रभार सुमारे ४,६०० टन होतो. पुणे शहराची त्याच वर्षीची सुमारे ३१ लाख लोकसंख्या मिळवल्यास दोन्ही शहरांचा स्फुरदभार १,९०० टनांच्या पुढे जातो. यात कपडे व भांडी धुण्याची द्रव्ये, उद्योग व शेती यांचा समावेश नाही.

आता जलाशयाची बाजू पाहू. उजनीची एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ अब्ज घनफूट, म्हणजे ३.३२ अब्ज घनमीटर आहे. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणानुसार एकूण स्फुरदाची वार्षिक सरासरी प्रतिलिटर ३५ मायक्रोग्रॅमच्या पुढे गेल्यास जलाशय सुपोषित व १०० मायक्रोग्रॅमच्या पुढे गेल्यास अतिसुपोषित समजला जातो. संपूर्ण भरलेल्या उजनीत ३५ मायक्रोग्रॅम ही पातळी येण्यास सुमारे ११६ टन स्फुरद पुरेसे आहे. एकट्या पिंपरी-चिंचवडच्या मानवी स्फुरदभाराचा हा जेमतेम सहावा भाग होय.

हा हिशेब प्रत्यक्ष मोजमाप नव्हे. सर्व स्फुरद जलाशयापर्यंत पोहोचत नाही; काही मैलाशुद्धीकरणाच्या गाळात राहते, काही नदीपात्रात बसते आणि पावसाळ्यात काही भाग सांडव्यावरून पुढे जातो. तथापि यातून एक गोष्ट निःसंशय स्पष्ट होते. स्फुरदाचा थोडासा अंश कमी करून येथे भागणार नाही. त्याचा बहुतांश भाग वाटेतच अडवावा लागेल.

५. पोषकद्रव्यांचे स्रोत

अ) घरगुती सांडपाणी : हा सर्वांत मोठा व सातत्यपूर्ण स्रोत आहे. चिखली, भाटनगर, आकुर्डी, कासारवाडी, सांगवी, चऱ्होळी, रावेत इत्यादी ठिकाणी महापालिकेची मैलाशुद्धीकरण केंद्रे आहेत. परंतु केंद्र असणे आणि पोषकद्रव्ये निघणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पारंपरिक सक्रियित गाळ पद्धतीत सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थ खातात व पाण्याची जैवरासायनिक प्राणवायू मागणी कमी होते. स्फुरदाचा मात्र लहानसा हिस्साच गाळात जातो. अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर झाले तरी नत्र पाण्यातच राहतो. त्यामुळे प्रक्रिया केलेले, दिसायला निवळ असे पाणीही शैवालाच्या दृष्टीने उत्तम खतपाणी असू शकते. महापालिका हद्दीबाहेर, झपाट्याने वाढणारी गावे व गृहसंकुले यांच्या ओढ्या-नाल्यांतून येणारे पाणी तर अनेकदा प्रक्रियेविना नदीत जाते.

आ) औद्योगिक स्रोत : या पट्ट्याचे वैशिष्ट्य असलेला एक स्रोत सहसा चर्चेत येत नाही. वाहनाच्या पत्र्यावर रंग टिकावा व तो गंजू नये म्हणून रंगकामापूर्वी त्यावर जस्त-फॉस्फेटचा पातळ थर दिला जातो. फॉस्फेटिंग नावाने ही प्रक्रिया कारखान्यांत परिचित आहे. तिच्या टाक्यांतील व धुण्याच्या पाण्यातील फॉस्फेट योग्य प्रक्रिया न झाल्यास सांडपाण्यात उतरते. मोठ्या कारखान्यांची स्वतःची प्रक्रिया-यंत्रणा असते. पावडर कोटिंग, मुलामा व सुटे भाग धुण्याची कामे करणाऱ्या लहान उद्योगांना ती परवडणे कठीण जाते. याखेरीज उपाहारगृहे व कामगार-वसाहतींचे मैलापाणी हाही औद्योगिक क्षेत्रातीलच भार आहे.

इ) शेती व गाळपेर : दौंड, इंदापूर, करमाळा, कर्जत या तालुक्यांत उजनीच्या पाणफुगवट्याभोवती उसाचे क्षेत्र मोठे आहे. पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर केली जाते. अशा जमिनीत दिलेले खत पुढील पावसाळ्यात थेट जलाशयात मिसळते. जलाशयाच्या प्रदूषणाचा सर्व दोष शहरांवर टाकणे जसे अपुरे, तसेच तो शेतकऱ्यांवर टाकून शहरांनी मोकळे होणे अन्यायाचे ठरेल.

६. फेस आणि पोषकद्रव्ये : एक आवश्यक भेद

अलीकडच्या वर्षांत आळंदी येथे इंद्रायणीवर पांढऱ्या फेसाचे थर वारंवार दिसतात व त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध होतात. फेस हा मुख्यतः पृष्ठताण कमी करणाऱ्या द्रव्यांचा, म्हणजे साबण व धुलाई-द्रव्यांतील घटकांचा परिणाम असतो. बंधाऱ्यावरून पाणी कोसळताना त्यात हवा मिसळते व फेस उसळतो. स्फुरद मात्र डोळ्यांना दिसत नाही. फेस आळंदीत दिसतो. स्फुरदाचा परिणाम शेकडो मैलापाण्याच्या नाल्यांतून गोळा होत, कित्येक किलोमीटर खाली, साचलेल्या पाण्यात प्रकट होतो. म्हणून फेसरोधक द्रव्याची फवारणी करून किंवा बंधाऱ्याची दारे चालवून फेस घालवता येईल. पोषकद्रव्यांचा प्रश्न त्याने तसूभरही कमी होणार नाही. दृश्य प्रदूषणावर उपाय झाला की प्रश्न मिटला असे मानण्याची सवय येथे विशेष धोक्याची आहे.

७. उजनीचे वैशिष्ट्य आणि तळातील साठा

१९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी प्रकल्पाच्या एकूण साठ्यापैकी सुमारे ६३.७ अब्ज घनफूट हा मृतसाठा आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक पाणी नेहमीच्या विमोचकांच्या पातळीखाली असते. दुष्काळी वर्षांत हा साठाही वापरावा लागतो. २०२४ च्या उन्हाळ्यात तो उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला होता. पाणी जसजसे कमी होते, तसतशी उरलेल्या पाण्यातील पोषकद्रव्यांची तीव्रता वाढते, उथळ पाणी तापते आणि वाऱ्याने तळाचा गाळ ढवळला जातो.

या गाळातच प्रश्नाची दुसरी बाजू दडलेली आहे. तळाशी प्राणवायू असेपर्यंत स्फुरद लोहाच्या संयुगांना चिकटून राहते. प्राणवायू संपला की लोहाचे रूप बदलते आणि बांधलेले स्फुरद पुन्हा पाण्यात मुक्त होते. यास अंतर्गत भार असे म्हणतात. याचा अर्थ असा की, आज वरून येणारा भार बंद केला तरी काल साठलेला भार काही वर्षे जलाशयाला पोसत राहील. जितका विलंब होईल, तितकी ही वर्षे वाढतील.

भिगवण परिसरातील रोहित व अन्य पक्ष्यांचे थवे हे उजनीचे आकर्षण आहे. परंतु पक्ष्यांची विपुलता हा पाणी शुद्ध असल्याचा पुरावा नव्हे. पोषकद्रव्यांनी समृद्ध उथळ पाण्यात खाद्य मुबलक असते, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. मच्छीमारांच्या जाळ्यात स्थानिक जातींऐवजी चिलापीसारखे काटक, परके मासे अधिक येणे हे निरीक्षणही त्याच दृष्टीने तपासले पाहिजे.

८. जलपर्णी : लक्षण की उपाय?

पवना, मुळा व इंद्रायणी या नद्यांवर हिवाळ्यानंतर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. अनुकूल स्थितीत ही वनस्पती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. ती काढण्यासाठी दरवर्षी निविदा निघतात व मोठा खर्च होतो. जलपर्णी पोषकद्रव्ये शोषून घेते, म्हणून ती काढली की पाणी शुद्ध होते, असा युक्तिवादही केला जातो. तो तपासून पाहण्यासारखा आहे. ताज्या जलपर्णीत सुमारे ९५ टक्के पाणी असते. एक टन ताज्या जलपर्णीतून ५० किलो शुष्क पदार्थ मिळतो आणि त्यात स्फुरद ०.४ टक्के धरल्यास ते केवळ २०० ग्रॅम भरते. १०० टन स्फुरद काढावयाचे झाल्यास पाच लाख टन ताजी जलपर्णी पात्राबाहेर न्यावी लागेल. मुख्य उपाय म्हणून हे अशक्यप्राय आहे. त्यातही काढलेली जलपर्णी काठावरच कुजू दिली किंवा पावसाळी पुरात पुढे ढकलली, तर पोषकद्रव्ये नदीतच परततात. त्यामुळे जलपर्णी काढणे हा उपचाराचा एक पूरक भाग आहे; तिच्या खाली वाहणारे सांडपाणी हे मूळ कारण आहे.

९. मानकांतील उणीव

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने १३ ऑक्टोबर २०१७ रोजी मैलाशुद्धीकरण केंद्रांसाठी अधिसूचित केलेल्या मानकांत सामू, जैवरासायनिक प्राणवायू मागणी, निलंबित घनपदार्थ व विष्ठाजन्य कोलिफॉर्म एवढेच निकष होते. २०१५ च्या मसुद्यात असलेली नत्राची मर्यादा अंतिम अधिसूचनेत राहिली नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशाने अधिक कडक निकष स्वीकारले. त्यांत प्राणवायू मागणी प्रतिलिटर १० मिलिग्रॅम, एकूण नत्र १० मिलिग्रॅम आणि एकूण स्फुरद १ मिलिग्रॅम यांचा समावेश होता. मात्र स्फुरदाचा निकष तलाव व सरोवरांत सोडल्या जाणाऱ्या पाण्यापुरता नमूद होता.

नेमकी येथेच भीमा खोऱ्याची अडचण आहे. पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी कागदोपत्री नदीत सोडले जाते, तलावात नव्हे. वस्तुतः ही नदी जलाशयात संपते. शब्दशः अर्थ लावला तर स्फुरदाचे बंधन लागत नाही. परिणामांच्या दृष्टीने पाहिले तर ते सर्वप्रथम येथेच लागले पाहिजे. उद्योगांच्या बाबतीतही असेच दिसते. पर्यावरण संरक्षण नियमांतील सर्वसाधारण मानकानुसार अंतर्गत पृष्ठजलात सोडावयाच्या सांडपाण्यात विद्राव्य फॉस्फेट, स्फुरदाच्या परिमाणात, प्रतिलिटर ५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. ही मर्यादा ३५ मायक्रोग्रॅमच्या सुपोषण-पातळीच्या सुमारे १४० पट आहे. पावसाळ्यात विरळ होण्यास वाव असतो. उन्हाळ्यात मात्र नदीत नैसर्गिक प्रवाह जवळजवळ नसतो व सांडपाणी हाच प्रवाह असतो. तेव्हा विरळ होण्याचा आधारच उरत नाही.

पाणी कोठून व कसे उचलावे, हा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. पवना धरणातून बंद जलवाहिनीने थेट पाणी आणण्याच्या प्रकल्पाविरुद्ध मावळात आंदोलन झाले आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे पोलीस गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. बंद वाहिनीने पिणाऱ्याला निर्मळ पाणी मिळते, हे खरे. परंतु नदीतील तेवढा निर्मळ प्रवाह कमी होतो, हेही तितकेच खरे. पाण्याच्या गुणवत्तेचा प्रश्न हा पाणीवाटपाच्या न्यायाचाही प्रश्न असतो, हे या घटनेवरून ध्यानात यावे.

१०. अन्यत्रचे अनुभव

अमेरिकेतील सिॲटलजवळच्या वॉशिंग्टन सरोवरात सोडले जाणारे मैलापाणी १९६३ ते १९६८ या काळात टप्प्याटप्प्याने अन्यत्र वळविण्यात आले आणि त्यानंतर काही वर्षांतच सरोवराची पारदर्शकता लक्षणीय वाढली. ईरी सरोवराच्या बाबतीत अमेरिका व कॅनडा यांनी १९७२ मध्ये करार केला व मोठ्या मैलाशुद्धीकरण केंद्रांना प्रतिलिटर १ मिलिग्रॅम स्फुरदाची मर्यादा घातली. सरोवर सुधारले. परंतु पुढे शेतीतून येणाऱ्या विद्राव्य स्फुरदामुळे शैवालाने पुन्हा डोके वर काढले आणि ऑगस्ट २०१४ मध्ये टोलेडो शहरातील चार ते पाच लाख लोकांना काही दिवस नळाचे पाणी पिऊ नका, असे सांगावे लागले. पहिल्या उदाहरणावरून सुधारणा शक्य आहे हे कळते. दुसऱ्यावरून ती कायमची नसते हे कळते. आपल्याकडे कोल्हापूरच्या रंकाळा तलावाचा अनुभवही हेच सांगतो : नाल्यांतून येणारे मैलापाणी पूर्णपणे अडविल्याविना पृष्ठभागाची स्वच्छता टिकत नाही.

११. उपाययोजना

वरील विवेचनाच्या आधारे पुढील उपाय सुचविता येतील.

१) पिंपरी-चिंचवड, पुणे व चाकण परिसरातील सर्व मैलाशुद्धीकरण केंद्रांना, ती नदीत पाणी सोडत असली तरी, जलाशयासाठीचा प्रतिलिटर १ मिलिग्रॅम स्फुरदाचा निकष लागू करावा. यासाठी निर्वात व सवात टप्प्यांची जैविक पद्धत किंवा तुरटी, फेरिक क्लोराइड यांसारखी द्रव्ये वापरून स्फुरद अवक्षेपित करण्याची पद्धत उपलब्ध आहे. रासायनिक पद्धतीत गाळ वाढतो. त्याच्या विल्हेवाटीचा खर्च आराखड्यातच धरला पाहिजे.

२) प्रक्रिया केलेले पाणी उद्योग, बांधकाम व उद्याने यांसाठी पुन्हा वापरावे. नदीत न गेलेल्या पाण्यातील पोषकद्रव्ये उजनीत जात नाहीत. उद्यानांत व शेतीत तीच पोषकद्रव्ये खत म्हणून उपयोगी पडतात.

३) फॉस्फेटिंग करणाऱ्या लघुउद्योगांसाठी सामायिक प्रक्रिया-सुविधा उभारावी व झिरकोनियमवर आधारित, फॉस्फेटमुक्त पर्यायी प्रक्रियेस प्रोत्साहन द्यावे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात स्फुरदाच्या एकूण दैनिक भाराचा उल्लेख असावा. केवळ तीव्रतेची मर्यादा पाणी मिसळून पाळता येते. भाराची पाळता येत नाही.

४) महापालिका, नगरपरिषदा, छावणी मंडळे, ग्रामपंचायती, औद्योगिक विकास महामंडळ व महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांच्या हद्दी नदीला ठाऊक नसतात. म्हणून उपखोरेनिहाय पोषकद्रव्यभाराचा एकच ताळेबंद ठेवला जावा.

५) पवना, आंद्रा व भामा आसखेड या वरच्या जलाशयांभोवती पर्यटन-तंबू, शेतघरे व गृहप्रकल्प वाढत आहेत. तेथील मैलापाणी पाण्यात उतरणार नाही याची दक्षता आताच घ्यावी. निर्मळ जलाशय राखणे हे बिघडलेला जलाशय सुधारण्यापेक्षा कितीतरी स्वस्त असते.

६) उजनीकाठी माती परीक्षणानुसार खतमात्रा, ठिबक सिंचन व काठालगत गवत-झुडपांचा पट्टा यांस साहाय्य द्यावे आणि गाळपेरीत रासायनिक खतांचा वापर मर्यादित करावा.

१२. महाविद्यालयांची भूमिका

सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर २००४ पासून पदवी स्तरावर पर्यावरण अभ्यासक्रम अनिवार्य झाला व त्यात क्षेत्रकार्याचा समावेश झाला. हे क्षेत्रकार्य अनेकदा एका अहवालाच्या नकलेपुरते उरते. त्याऐवजी भीमा खोऱ्यातील महाविद्यालयांनी आपापल्या गावच्या पाण्याची नियमित नोंद ठेवली, तर काही वर्षांत मोलाची सामग्री उभी राहील. पाण्याची पारदर्शकता मोजण्यासाठी २० सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी सेक्की तबकडी व खुणा केलेली दोरी एवढे साहित्य पुरते. रसायनशास्त्र विभागात मॉलिब्डेट पद्धतीने फॉस्फेट मोजता येते. वनस्पतिशास्त्र विभागाला शैवालाच्या जाती ओळखता येतील, अर्थशास्त्र विभागाला जलपर्णी-निर्मूलनावरील खर्चाचा अभ्यास करता येईल आणि समाजशास्त्र विभागाला मच्छीमार कुटुंबांच्या बदलत्या उपजीविकेची नोंद घेता येईल. चिंचवड, आळंदी, दौंड, इंदापूर, पंढरपूर व सोलापूर येथील महाविद्यालयांनी एकाच दिवशी, एकाच पद्धतीने नमुने घेतल्यास वरपासून खालपर्यंतचे चित्र प्रथमच सलगपणे अध्यापकांच्या हाती येईल.

१३. समारोप

नदीप्रदूषणाचे आपले मोजमाप आजवर प्रामुख्याने प्राणवायूच्या भाषेत झाले. ते आवश्यक आहे, परंतु ज्या नद्या धरणात विसावतात त्यांच्यासाठी पुरेसे नाही. प्राणवायू मागणीचा निकष पूर्ण करणारे मैलाशुद्धीकरण केंद्रही उजनीला हिरवे करू शकते, ही वस्तुस्थिती नियोजनात आली पाहिजे. अंतर्गत भाराचा विचार करता आज घेतलेल्या निर्णयाचे फळ काही वर्षांनंतरच दिसेल. म्हणूनच निर्णय लांबणीवर टाकणे परवडणारे नाही. स्फुरदाची मर्यादा नदीला लागू करावी की जलाशयाला, हा वाद कागदावर चालू राहील. पाणी मात्र दोन्हींत भेद करत नाही. पवना-इंद्रायणीच्या काठी राहणाऱ्यांनी सोलापूर-पंढरपूरच्या नळाचा विचार करून आपल्या सांडपाण्याचे निकष ठरविणे, हाच या प्रश्नावरील न्याय्य व शास्त्रीय मार्ग होय.